पहिल्या रांगेतली खुर्ची

"चूक! साफ चूक!" सारंगने मिसळीची वाटी खाली ठेवली. "आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकला, हा काय नीचांक झाला? तो नुसता वेंधळेपणा."

हार्लेमला शशिकांतच्या घरी दरवर्षी हा वाद रंगायचा. पुण्याच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून नेदरलँड्समध्ये येऊन पडलेली मंडळी एका रविवारी दुपारी जमायची, मिसळ चापायची आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने सगळ्यात खालचा तळ कधी गाठला यावर घसा बसेपर्यंत भांडायची. टीमने जन्मात एक कप जिंकला नव्हता, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. जो वाद जिंकेल त्याला भांडी माफ. सारंग गेली तीन वर्षं सिंककडे फिरकला नव्हता.

यंदा मात्र तो आपली नेहमीची मॅच सांगायला कचरत होता. कारण सोफ्याच्या कोपऱ्यात मल्हार बसला होता. सारंगचा होस्टेलचा रूम पार्टनर आणि त्याच्या हुकमी किश्शातला प्रत्यक्ष खेळाडू. कॉलेज सुटल्यावर दोघांचं बोलणंही सुटलं होतं. मल्हार नुकताच वाखनिंगनला संशोधनासाठी आला होता आणि शशिकांतने त्याला आग्रहाने बोलावलं होतं. रस्सा झणझणीत होता. मल्हारने इस्त्री केलेला रुमाल काढून कपाळ टिपलं, पुन्हा चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. सारंगने नेहमीप्रमाणे बाहीला नाक पुसलं.

"ह्याला कुणीतरी रुमाल घेऊन द्या रे," शशिकांतची बायको वृंदा म्हणाली. सगळे हसले.

"सारंग, तुझी ती दोघांची मॅच होऊन जाऊ दे," शशिकांत म्हणाला. तो त्यांच्या आधीच्या बॅचचा, त्यामुळे ती मॅच त्याने फक्त ऐकली होती, दरवर्षी, तोंडपाठ होईपर्यंत.

सारंगने मल्हारकडे पाहिलं. मल्हारने 'सांग की' अशी मान हलवली. मग काय, गडी सुटला. होस्टेलच्या मेसने अर्ध्या टीमला कावीळ कशी दिली. उरलेले सहा जण कसे उतरले. प्रत्येकी पाच फाउल करून एकेक जण बाहेर कसा बसत गेला आणि शेवटच्या क्वार्टरला आपले दोनच, मल्हार आणि अजित, समोरच्या पाच धिप्पाड गड्यांपुढे कसे उरले. आणि सवयीने जीभ पुढे गेलीच, "शेवटच्या शिट्टीपर्यंत अख्खा हॉल हसून लोळत होता!"

"कोण हसत होतं?" मल्हारने विचारलं. आवाजात राग नव्हता. "हॉलमध्ये कुणी नव्हतं रे. खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या."

सारंगचा चेहरा पडला. ज्या मॅचवर तो इतकी वर्षं हशा घेत आला होता, तिचा शेवट त्याने पाहिलाच नव्हता.

"मग तुम्ही दोघं खेळत का राहिलात?" वृंदाने विचारलं. "सोडून द्यायचं ना!"

"अजित तेच म्हणत होता. त्याचे चार फाउल झाले होते. तो बाहेर गेला की मी एकटा, आणि एकट्याला खेळू देत नाहीत, मॅच तिथेच बंद. म्हणाला, मुद्दाम पाचवा करतो, सुटू एकदाचे. मी त्याला पहिल्या रांगेतली एक खुर्ची दाखवली. तिच्यावर रुमाल होता. म्हटलं, बघ, कुणीतरी जागा धरून गेलंय. चहा घेऊन येईल परत. तो येईपर्यंत तरी खेळू."

रुमाल टाकून धरलेली जागा म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग अजित असा खेळला, काय सांगू! समोरचा अंगावर आला की हा हात पाठीमागे बांधायचा. धक्का लागू द्यायचा नाही, पण वाट सोडायची नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकला. मोजता येणार नाही इतक्या फरकाने हरलो. आणि समोरची अख्खी टीम ओळीत उभी राहिली आणि आमच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली."

केवढी मोठी गोष्ट सारंगच्या नाकासमोर घडायची होती, आणि तो टपरीवर भजी खात होता!

"अरे, पण पहिल्या रांगेत तर तू बसायचास ना सारंग? दरवर्षी सांगतोस की!" शशिकांत एकदम ओरडला. "तुझाच रुमाल असणार तो! तुझ्यामुळे खेळले हे!"

सगळे सारंगकडे पाहू लागले. वृंदाचे डोळे भरून आले होते. मल्हारही पाहत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गेलेला मित्रही परत मिळाला असता.

"माझा नव्हता," सारंग म्हणाला. "मी तिसऱ्या क्वार्टरलाच उठून गेलो. परत आलोच नाही. टीमचा नीचांक वगैरे काही नाही. जो काय तळ गाठला तो आम्ही, बघणाऱ्यांनी." तो उठला आणि वाट्या गोळा करायला लागला. "भांडी मी घासतो."

सिंकपाशी त्याने नळ सोडला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून सवयीने बाही वर गेली, तेवढ्यात शेजारून इस्त्रीची चौकोनी घडी पुढे आली.

"तुझा नव्हता, ते मला माहितीये," मल्हार म्हणाला. "टाइमआउटला अजित पाणी प्यायला वळला, तेव्हा मीच टाकला होता."