आपल्याच बाजूचं जहाज

"मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या," म्हणून मी यांना दोन वर्षं विनवते आहे. एकेकाळी बसस्टॉपवरच्या गर्दीत मला पाठमोरी ओळखणाऱ्या या माणसाने गेल्या महिन्यात स्कूटर थेट शेजाऱ्यांच्या फाटकावर घातली. मागे बसलेल्या माझा हात मोडला. तरी यांचं पालुपद एकच, "डोळे ठणठणीत आहेत. फाटकच मधे आलं."

सध्या मुलाच्या कॉम्प्युटरवर यांचा पाणबुडीचा खेळ चालतो. आपोआप नेम धरायची सोय यांनी मुद्दाम बंद केली आहे. जहाज ओळखायचं, त्याचं अंतर, वेग, दिशा स्वतः मोजायची आणि ते पुढे जिथे पोचेल तिथे टॉर्पेडो सोडायचा. तीन आठवडे आकडेमोड करून वही भरली. काल पहिला टॉर्पेडो अचूक लागला आणि हे खुर्चीतून उठून चक्क नाचले. पडद्यावरची पाटी सुनेने वाचून दाखवली, "बाबा, हे तर आपल्याच बाजूचं जहाज होतं."

आज सकाळी बघते तर हे कपडे करून, चपला घालून दारात उभे.


"अगं, चल लवकर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. माझ्या हातून माणसं मरताहेत!"