गुरुवारपर्यंत भिंतीत

रविवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी रसिकाची टीम जिंकली. चार वाजून बारा मिनिटांनी ती जिंकलेली नव्हती.

मधल्या मिनिटात सर्व्हर बसला आणि उठला. उठला तो पंचवीस मिनिटं मागे जाऊन. स्क्रीनवरचा सोनेरी कप गेला, मेलेले सगळे जिवंत झाले, आणि कंपनीचा निरोप आला की असा कोणताही सामना झाल्याची नोंद नाही, तरी सामन्यासाठी शुभेच्छा. नेमकं हेच होऊ नये म्हणून शुक्रवारी चार जीबीचा पॅच टाकून घेतला होता. तो यायला तीन महिने लागले होते.

दांडिया बाजारातल्या घरात रसिका आणि तिचा आतेभाऊ अनीश दिवाणावर फोन घेऊन शेजारी शेजारी बसले होते. टीममधल्या अवंती आणि उत्कर्षा आपापल्या घरून खेळत होत्या. अवंती हेडफोनमधून जे बोलली ते अनीशने ऐकलं नाही असं दाखवलं. जिंकणारी टीम राज्याच्या फेरीला जाणार होती. ती दिवाळीनंतर. पण अनीशला उद्या सकाळी आठला सावली गावच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं. दोन महिने ट्रेनिंग, राहणं आतच, फोन गेटवर जमा. सोमवारी हजर न झाल्यास नेमणूक रद्द, हे पत्रात ठळक अक्षरात होतं. थोडक्यात, जिंकायचं ते आजच.

म्हणून ते पुन्हा खेळले. अवंती मेली, उत्कर्षा मेली, रसिका दोघांना मारून मेली. आता इकडे अनीश आणि तिकडे सुरतच्या टीमचा पीयूष, असे दोघंच उरले. अनीश आडोशाला म्हणून भिंतीकडे पळाला. भिंतीने त्याला आत घेतलं. डोकं बाहेर, पाय बाहेर, मधला माणूस भिंतीत. बंदूक हातात होती आणि हात भिंतीत होते.

पीयूषने येऊन गोळ्या झाडल्या. काही झालं नाही. गेमच्या हिशेबाने अनीश त्या भिंतीतही नव्हता आणि बाहेरही नव्हता. पीयूषने दोनशे बारा गोळ्या संपवल्या, दोन बॉम्ब टाकले, मग जीप आणून अनीशच्या अंगावर घातली. जीप फुटली. सामन्याचं घड्याळ सात सेकंदांवर थांबलेलं होतं. शेवटी तो अनीशच्या तोंडासमोर मांडी घालून बसला.

“भाई, बहार नीकळ ने,” तो माइकवर म्हणाला.

“प्रयत्न चालू छे,” अनीश म्हणाला.

जो सामना सोडेल तो हरेल, असा नियम होता. रसिकाने कंपनीच्या मदत-खिडकीत तक्रार टाकली. खिडकीने विचारलं, फोन बंद करून चालू केला का. रसिकाने लिहिलं की बंद केला तर हरू. खिडकीने या सहकार्याबद्दल आभार मानले आणि अर्ध्या तासाने कळवलं की भिंतीची दखल घेतली आहे, गुरुवारी पॅच येईल, तोपर्यंत सामना सोडू नये. खाली हसणारा चेहरा होता.

अनीशने फोन घरी ठेवून जावं, असं रसिकाने सुचवून पाहिलं. पण खेळणारा तोच आहे याची खात्री म्हणून गेम दर दोन तासांनी त्याचा चेहरा मागत होता. पीयूषही हटणार नव्हता. बुधवारी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. तिथे तो फोन खिशात चालू ठेवून बसणार होता.

रसिकाची आई सुहासिनी बटाट्याचा ओला, हिरवा चिवडा घेऊन आली आणि सोडून द्या म्हणाली, खेळच तर आहे, नोकरी महत्त्वाची.

“आई,” रसिका म्हणाली, “आम्ही जिंकलो होतो गं.”

सुहासिनी चिवडा ठेवून तिथेच बसली.

तेवढ्यात खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन रसिकाचे वडील दत्तात्रेय आले. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळलेली. घरातही सगळं अर्जावर चाले. सातव्या वर्षी रसिकाने कुत्र्याच्या पिल्लासाठी केलेला अर्ज त्यांनी कारण देऊन फेटाळला होता. पिशवी हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. गेम म्हणजे काय हे विचारलं नाही. भिंत उघडायचा अधिकार कोणाला, एवढंच विचारलं. रसिकाने सांगितलं, सिंगापूरला कोणाला तरी असेल. मग सोमवारचा अधिकार कोणाला, त्यांनी विचारलं. अनीशने सांगितलं, कारखान्याच्या मॅनेजरला.

“मग भिंतीचा नाद सोडा,” ते म्हणाले. “सही करणारा माणूस सावलीला बसलाय.”

“मामा, ते हसतील,” अनीश म्हणाला.

“हसू देत. पोच घ्यायची.”

त्यांनी कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला. अर्ज गुजरातीतच जायचा होता, पण मसुदा ते नेहमी मराठीत करत. राग आधी मराठीत काढला की गुजराती नम्र होते, असा त्यांचा अनुभव होता. अनीशचा माइक चालूच होता. पीयूष सुरतेहून सगळं ऐकत होता.

“काका,” तो म्हणाला, “साक्षीमां मारुं नाम लखजो.”

दत्तात्रेयांनी साक्षीदार म्हणून त्याचं नाव लिहिलं, आणि शेवटच्या परिच्छेदाकडे वळले:

‘वरील उमेदवार आज सायंकाळी ४ वाजून ५० मिनिटांपासून भिंतीत असून, सदर भिंत गुरुवारी मोकळी होणार असल्याचे संबंधितांनी लेखी कळविले आहे. सबब, उमेदवारास रुजू होण्यासाठी शुक्रवारपर्यंत मुदत मिळावी, व भिंतीतील कालावधी सेवेत धरण्यात यावा, ही नम्र विनंती.’