टाकीचं विरजण

सोसायटीच्या हॉलमधली शेगडी पेटेना, तेव्हा शरयूताई थेट सांडपाण्याच्या टाकीवर गेल्या. टाकीतले जिवाणू घाण खाऊन गॅस सोडतात आणि त्यावर आपला चहा होतो, याचं त्यांना भारी कुतूहल.

"कुणीतरी ॲसिड ओतलंय, जिवाणू मेले," टाकी तपासायला आलेला इंजिनिअर म्हणाला. "दुसऱ्या चालू टाकीतला गाळ आणून घालावा लागेल."

"म्हणजे विरजणच की."

चालू टाकी फक्त शेजारच्या सोसायटीत होती, आणि शरयूताईंच्या सोसायटीने मधली भिंत उंच केल्यापासून तिकडच्यांशी बोलणं बंद होतं. तरी शरयूताई डबा घेऊन गेल्या. "विरजण मागायला आलेय," त्यांनी सांगितलं. तिथल्या अध्यक्ष नाडगौडाबाई आधी चमकल्या, मग हसल्या. "एवढ्याशा डब्याने काय होतंय?" म्हणत त्यांनी स्वतःचा मोठा कॅन गाळाने भरून दिला.

पंधरवड्याने शेगडीने निळी ज्योत धरली. कॅन घासून झाला, पण शेजारचं भांडं रिकामं कसं परत करायचं? आणि गाळाच्या कॅनमध्ये लाडू तरी कसे घालायचे? शेवटी त्यांनी आपल्या हौदातलं शेवाळाचं हिरवंगार पाणी त्यात भरलं. टाकीतून आलेलं पाणी हे शेवाळच स्वच्छ करायचं. नाडगौडाबाईंच्या तसल्याच हौदात हिरवं काही उरलं नसल्याचं त्यांनी गाळ आणताना पाहिलं होतं.

"आमच्याकडे जगत नाही हो हे," नाडगौडाबाई म्हणाल्या.

"झाकून ठेवू नका. याला ऊन लागतं."

"ऊन कुठून आणू?"

शरयूताईंनी वळून पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी हौदावर सावली होती. त्यांच्याच भिंतीची.