बिनस्क्रीनची बोट

नाशिकहून बोटी विकायला आलेल्या प्रफुल्लनं झुंबरकाकांना धरणाच्या पाण्यात दोन बोटींतून फिरवलं. लांबी तीच, मागची मोटार तीच, किंमतही तीच. दुसरीत फक्त पाण्याखालचं दाखवणारी एक स्क्रीन जास्त होती, तीही ऑफरमध्ये फुकट.

"हे ठिपके म्हणजे मासे, काका. केवढे आहेत! पण मधोमध हे चौकोनी काय दिसतंय?"

"आमचं घर हाय ते. धरणात गेलेलं."

प्रफुल्ल धंद्याच्या सवयीनं म्हणाला, "मग रोज इथंच जाळं टाका की."

काकांनी काठाकडं पाहिलं. त्यांची बायको बयाबाई तिथं बसून फाटकं जाळं शिवत होती.

"मला बिनस्क्रीनची दे."

"अहो, फुकट आहे!"

"जाळं ओढायला रोज ती असती संगं. धरण भरलं तवा तिनं चार दिवस अन्न सोडलं व्हतं. घर पाण्यात विरघळून गेलं, असं मी सांगितल्यावर जेवली."