पाणी ठेवू की गाळ?

“पाणी ठेवू की गाळ?” सुरभीने दोन्ही पुस्तकं आईपुढे धरली. एक तलावांच्या शास्त्राचं, दुसरं तळाच्या गाळावरच्या संशोधनाचं. लायब्ररी एका कार्डावर एकच पुस्तक देत होती. दुसरं मैत्रिणीच्या कार्डावर आणलं होतं, पण दोन्हींतलं कुठलंही एक आजच परत करायचं होतं.

“पाणी,” रमाबाई म्हणाल्या. “गाळात काय ठेवलंय?”

“गाळच ठेव,” शंकरराव खाटेवरून म्हणाले. “आम्ही सोडलेला रंग तिथेच बसलाय.”

रमाबाईंचं डोकं फिरलं. मिलला कुलूप लागलं तेव्हापासून, रंगखात्याच्या लॅबमध्ये जन्म घालवलेला हा माणूस घरात बसून होता. पन्नाशीतल्या माणसाला आता कोण विचारतो, हे त्या त्याला रोज ऐकवत. सगळी आशा उद्याच्या मुलाखतीवर होती. तलावाच्या सर्वेक्षणातली पगाराची जागा! ती मिळाली तर घर पुन्हा उभं राहणार होतं.

“मुलाखत पोरीची आणि मर्जी यांची!” त्या कडाडल्या. “काल भाजीवालीला ‘टोकरी खाली करो’ म्हणालात, तिने सगळे टमाटे ओट्यावर ओतले. चालले शिकवायला!”

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. सुरभीने पाण्याचं पुस्तक परतीच्या पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळूनच गेली. रमाबाईंनी बड्या गणपतीला नारळ बोलला आणि दाराशी बसून राहिल्या.

“आई, जागा आपल्या घरात आली!” सुरभी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली. रमाबाईंना रडूच फुटलं. बाहेरच्या खोलीत त्यांनी पाट मांडला आणि निरांजन लावायला देवापाशी धावल्या.

सुरभी मागोमाग आली. तिला दम धरवत नव्हता. “साहेबांनी विचारलं, ‘तालाब का पुराना हाल कहाँ मिलेगा?’ तर उत्तर काय, ‘साहब, खाली!’ साहेब म्हणाले, ‘खाली है तो हम ढूँढें क्या?’ मग उलगडा झाला, खाली म्हणजे नीचे, गाद में, गाळात! मिलचा कुठला रंग कुठल्या थरात सापडेल, सगळं धडाधड सांगून झालं. साहेबांनी उठून हात मिळवला, आई!”

रमाबाई रडता रडता हसल्या. “अगं, जन्मभर हिंदीत शिकलीस आणि ‘खाली’ म्हणालीस?”

सुरभी नुसती हसली.

“चल, बस पाटावर.” ताम्हण घेऊन रमाबाई बाहेर आल्या.

पाटावर टोपी घालून शंकरराव बसले होते.