एकात एक

"बाबा, खोक्यात थोडी जागा रिकामी ठेव," माझा मुलगा सौमित्र म्हणाला. तो प्रोसेसरच्या डिझाइनचं काम करतो. "आम्ही मेमरीतला डेटा लहानमोठा असला तरी सारख्याच आकाराच्या तुकड्यांत प्रोसेसरकडे नेतो. कमी पडला, तर उरलेल्या जागेत शून्यं भरतो. जागा वाया जाते, पण हवं ते पटकन मिळतं."

"तुझी शून्यं गाडीत मावणार नाहीत," मी म्हणालो.

ही गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला निघालो होतो. मला हिची सगळी भांडी न्यायची होती. सूनबाईने फक्त पुरणयंत्र मागितलं होतं. ते जड, म्हणून तळाशी घातलं. त्यावर पातेल्यात तपेली, तपेलीत गडू, असं बसवत गेलो. फटींत चमचे खोचले.

दुसऱ्या दिवशी सौमित्रच्या घरी डाळ शिजली आणि पुरणयंत्र निघेना. ओटा, टेबल, सोफा, सगळीकडे हिची भांडी पसरली तेव्हा कुठे ते हाती लागलं.

"आता हे परत कोण बसवणार?" मी हळूच विचारलं.

"कोणी नाही," सूनबाई म्हणाली, आणि स्वतःचे काचेचे बाउल त्या रिकाम्या खोक्यात भरायला लागली.