उगवतीची बाजू

विजयकुमारनं पाण्याची बादली उचलली आणि आढ्यावर नुकत्याच बसवलेल्या व्हेंटिलेटरवर भडाभडा ओतली. मग पत्र्याला कान लावून खाली हाक मारली, "ज्योती, आलं का आत?"

"थेंब न्हाई," आतून बायको म्हणाली.

शिडी धरून उभा असलेला खेमा हसला. खेमा बंजारा तांड्यावरचा, सेनगावच्या पत्राकामाच्या दुकानातला त्याचा भागीदार. आढ्यावर पत्रा कापायचा, दोन्ही अंगांना फटी ठेवायच्या, वर टोपी बसवायची. गरम हवा आपसूक चढते आणि निघून जाते. हळदीच्या कितीतरी गोदामांवर दोघांनी असे व्हेंटिलेटर चढवले होते. हा मात्र विजयकुमारनं आईसाठी काढला होता. खुब्याचं हाड मोडलेल्या आशाबाईला दवाखान्यातून घरी आणून तीन दिवस झाले, आणि तीन दिवसांत तिनं ताटाला हात लावला नव्हता. पत्र्याखालच्या उकाड्यानं अन्न जात नसेल, असं त्यानं धरलं होतं.

तो आत आला. खोली खरंच निवली होती. आईच्या उशाशी ताट मात्र तसंच झाकलेलं होतं.

ज्योतीला आता राहवेना. "अहो, उकाडा न्हाई तो," ती हळूच म्हणाली. "चातुर्मास हाय त्यांचा. सूर्य दिसल्याबिगर अन्न घेत न्हाईत. दवाखान्यात खिडकी व्हती. हितं कुठून दिसायचा? मला शपथ घातली व्हती, म्हणून गप बसले."

खोलीचं दार उत्तरेला. उगवतीला चुलत्याच्या घराची भिंत. विजयकुमार खाटेच्या कडेवर टेकला.

"काहून सांगितलं न्हाई, आई?"

"सांगितलं असतं तर तू उचलून अंगणात नेलं असतंस. डॉक्टर म्हणला ना, महिनाभर हलवायचं न्हाई. गोळीसंगं दोन घोट दूध घेते की मी."

"याडी, त्यात काय," दारातून खेमा म्हणाला; तांड्याच्या बोलीत तो तिला आई म्हणून हाक मारायचा. "मी मोबाइलमंदी फोटो काढून आणतो. पडल्या पडल्या बघ."

"आन बाबा. मग जेवायलाबी फोटोतलंच वाढ."

खेमा खो खो हसला. विजयकुमार हसला नाही. तो वाकला, आईच्या उशीवर तिच्या डोक्याशेजारी डोकं टेकवलं आणि वर पाहिलं. आपलं काम त्यानं आजवर वरून पाहिलं होतं, बाजूनं पाहिलं होतं. खाली आडवं होऊन कधी पाहिलं नव्हतं. दोन बाजूंना उजेडाच्या बारीक रेघा, आणि मध्ये टोपीचं काळं पोट. आभाळ बोटभरसुद्धा नाही.

"टोपी वर उचलावी लागंल," तो म्हणाला. "पण उचलली की पाऊस सरळ तुझ्या अंगावर."

"झड कुठून येती?"

"मावळतीकडनं."

"मग मावळतीचं बंद कर."

"तसं न्हाई जमत. दोन्ही बाजू सारख्या लागतात, हवेला..."

"हवेला एक दार पुरत न्हाई व्हय? आपल्या सगळ्या घराला एकच हाय."

त्यानं खिशातून खडू काढला, परत ठेवला. मग विचारलं, "आता नऊ-साडेनऊला कुठं असतो सूर्य?"

आईनं डोळे मिटले आणि उजवा हात वर उचलला. कोपर जरा वाकवलं, बोट स्थिर केलं. "श्रावणात हितं. चुलत्याच्या लिंबाच्या शेंड्यावर येतो तवा. भादव्यात थोडा उशाकडं." बोट सरकलं. "आन् कार्तिकात पार हिकडं, आन् खाली. तवा वाट पाहाय लावतो." चौदा चातुर्मास तिनं रोज त्याची अशी वाट पाहिली होती.

विजयकुमारनं तिच्या भुवईपासून बोटाच्या रोखानं दोरी ताणली. वर खेमानं आढ्याला खडूनं खूण केली. श्रावणाची एक, भादव्याची एक. कार्तिकाची खूण कापलेल्या पत्र्याच्या दोन हात पलीकडं, उशाच्या अंगाला पडली. इतकं नेमकं माप त्याला कुठल्या इंजिनिअरनंही कधी दिलं नव्हतं.

सकाळी बसवलेली टोपी त्यानं दुपारी उतरवली. मावळतीची फट पत्र्यानं बंद केली, उगवतीची बाजू दीड वीत उचलली, कार्तिकापर्यंत पत्रा कापत नेला. दिवेलागणीला शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा खेमा लांब जाऊन पाहून आला.

"नवरदेवानं वाकडा फेटा बांधल्यावानी दिसून राहिलं. गिऱ्हाइकाला दाखवू नको."

ज्योतीनं दोनदा जेवायला हाक मारली. "हातातलं होऊ दे," विजयकुमार म्हणाला, आणि अवजारं आवरत बसला. त्या रात्री त्याचंही ताट झाकलेलंच राहिलं.

सकाळी आभाळ भरलेलं होतं. नऊ वाजून गेले. ज्योतीची भाकरी तव्यावरून उतरून निवत आली. विजयकुमार खाटेजवळ उभा होता.

मग ढग जरासा फाटला. खाटेमागच्या भिंतीवर उजेडाचा एक पट्टा उमटला. सावकाश भिंत उतरला, उशीवर आला, पांढऱ्या केसांवर चढला, कपाळावर टेकला. आशाबाईनं डोळे किलकिले केले. हात जोडले गेले, ओठ हलत राहिले.

ज्योतीनं ताट पुढं केलं. भाकरी आणि दोडक्याची भाजी. आईनं पहिला तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि तोंडाशी न नेता विजयकुमारपुढं धरला.

"घे," ती म्हणाली. "तुझाबी सुटू दे."